लेकरू सापडल्यानंतर



स्मृतिव्याख्यानाला वक्त्यानं वजनदार विषय घ्यावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. लोकशाहीपुढची आव्हानं, संतसाहित्याची आजची गरज, गेला बाजार मराठवाड्याचा अनुशेष. मी नांदेडहून संयोजकांना विषय कळवला तो एका रहस्यकादंबरीच्या दुसऱ्या भागाचा. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मग त्यांनी जपून विचारलं, "सर, पत्रिकेत असंच छापायचं का?" म्हटलं, छापा. लोक आले तर रहस्यासाठी येतील, नाही आले तर तेही एक रहस्यच. तुम्ही आलात. आभारी आहे.

आधी गोष्ट सांगतो. रहस्यकथेचा शेवट फोडणं हे पाप आहे हे मला ठाऊक आहे, पण पहिल्या भागाचा शेवट फोडल्याशिवाय दुसऱ्याबद्दल बोलताच येत नाही. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी दोन मिनिटं कानात बोटं घालावीत.

डेनिस लेहेन हा अमेरिकन लेखक. बॉस्टन शहरातल्या डॉर्चेस्टर नावाच्या कामगारवस्तीत वाढलेला. लेखक म्हणून नाव होण्याआधी त्यानं अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी समुपदेशकाचं काम केलं होतं, आणि ते त्याच्या पानापानांत दिसतं. 1998 साली त्याची 'गॉन, बेबी, गॉन' ही कादंबरी आली. अमांडा मॅक्रेडी नावाची चार वर्षांची पोर. आई हेलीन, नशापाणी करणारी, बेफिकीर. एका रात्री ती लेकराला घरात एकटं टाकून, दाराला कुलूपही न लावता शेजारणीकडे जाऊन बसते. परत येते तर अंथरूण रिकामं. पोलीस शोधतात, टीव्हीवाले दारात तळ ठोकतात. आई कॅमेऱ्यासमोर रडते. पण खासगी गुप्तहेरांकडे धाव कोण घेतं? आई नाही. मुलीची मामी, बिआट्रिस. ती आपल्या नवऱ्याला घेऊन पॅट्रिक केन्झी आणि अँजी जेनारो या जोडीकडे जाते. शोध लागतो. मधे बरेच मुडदे पडतात, ते मी गाळतो. अमांडा जिवंत असते. मुलांवरच्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या विभागाचा प्रमुख असलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्याच घरी असते. तिथं ती धुतलेल्या कपड्यांत, भरल्या पोटानं, हसत खेळत असते. काही पोलिसांनी ठरवून तिला उचललेलं असतं, का तर त्या आईजवळ हिची माती होईल म्हणून. आणि या कटात मुलीचा सख्खा मामा सामील असतो.

आता काय करायचं? अँजी हात जोडते : राहू दे तिला इथं. पॅट्रिक म्हणतो, मूल आईचं आहे, कायदा कायदा आहे. तो पोलिसांना कळवतो. अमांडा आईकडे परत जाते आणि अँजी पॅट्रिकला सोडून जाते. कादंबरी संपली.

यावर 2007 साली बेन ॲफ्लेकनं चित्रपट केला. त्याच वर्षी मे महिन्यात पोर्तुगालमध्ये सुट्टीवर गेलेल्या एका ब्रिटिश कुटुंबाची मुलगी बेपत्ता झाली होती आणि ब्रिटनमध्ये त्याचं एवढं काहूर माजलं होतं की तिथं या चित्रपटाचं प्रदर्शन पुढं ढकलावं लागलं. चित्रपटाचा शेवट मला कादंबरीच्या शेवटाइतकाच लागला. हेलीन नटूनथटून बाहेर निघाली आहे आणि मुलीजवळ बसायला कोणी नाही. पॅट्रिकच म्हणतो, मी बसतो. तो अमांडाच्या हातातल्या बाहुलीचं नाव घेतो, मुलीच्या आईनं टीव्हीवर सांगितलेलं. पोरगी म्हणते, हिचं नाव ते नाही, दुसरंच आहे. एवढंच. जिच्या हवाली तिला केलं, त्या आईला लेकराच्या बाहुलीचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

आणि मग, पहिल्या कादंबरीनंतर बारा वर्षांनी, 2010 साली, लेहेननं 'मूनलाइट माइल' लिहिली. हा तो उत्तरार्ध. मधल्या काळात पॅट्रिक आणि अँजी पुन्हा एकत्र आलेत, लग्न केलंय, त्यांना स्वतःची चार वर्षांची मुलगी आहे. मंदीचे दिवस, हाताला धड काम नाही. आणि एके दिवशी तीच मामी पुन्हा समोर उभी राहते. अमांडा सोळा वर्षांची झाली आहे. आणि अमांडा पुन्हा बेपत्ता आहे.

मामीच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की तिला त्या घरात तू परत नेऊन ठेवलंस, तेव्हा आता शोधायचीही तूच.

मित्रहो, मी हा दुसरा भाग आधी वाचला. कारण साधं आहे. पुण्याला नोकरी करणारी भाची घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत तेवढाच होता, आणि नांदेडला दुपारी वीज गेली की माणूस मिळेल ते वाचतो. पण त्यामुळे झालं काय, की नंतर पहिला भाग वाचताना माझ्या मनात 'पोरगी सापडेल का' ही धाकधूक नव्हतीच. ती सापडणार हे मला माहीत होतं. पुढं तिचं काय होणार, हेही माहीत होतं. मी प्रत्येक पानाला एकच गोष्ट बघत होतो : या शोधणाऱ्या माणसांपैकी एकाला तरी पुढचा विचार आहे का? तुम्ही एखादी रहस्यकादंबरी अशी उलटी वाचून बघा. सगळे हुशार लोक एकदम आंधळे दिसायला लागतात.

आता माझ्या पहिल्या मुद्द्याकडे येतो. आपल्या मराठीत रहस्यकथांची काय कमी आहे? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंझार, धनंजय, काळापहाड ही नावं आमच्या पिढीला पाढ्यांच्या आधी पाठ होती. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप होता. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन होते. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून ही पुस्तकं फिरायची, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला लटकायची. आमच्याकडे येईपर्यंत कित्येकदा शेवटचं पान कोणीतरी फाडून नेलेलं असायचं. माझी कल्पनाशक्ती जी काही थोडीफार आहे ती त्या फाटक्या पानांनी घडवली. (ज्यांनी फाडली त्यांचे आभार मानायला आज जागा आहे म्हणून मानतो.)

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? झुंझार कधी म्हातारा झाला? कॅप्टन दीपला मागच्या पुस्तकातला बळी या पुस्तकात कधी आठवला? गुन्हेगार पकडला, वाचलेल्या बाईनं आभार मानले, मूल आईच्या कुशीत गेलं, पुस्तक मिटलं. पुढच्या महिन्यात नवीन पुस्तक, नवीन मुडदा, नायक मात्र तसाच कोरा करकरीत. आपल्याकडे मालिका भरपूर झाल्या, उत्तरार्ध जवळजवळ नाहीत. मालिकेत नायक परत येतो. उत्तरार्धात परिणाम परत येतो. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि हे केवळ मराठीचं नाही हो. साक्षात शेरलॉक होम्स घ्या. 1904 सालची 'प्रायरी स्कूल'ची गोष्ट. एका बड्या सरदाराचा मुलगा शाळेतून नाहीसा होतो. होम्स सायकलीच्या चाकांच्या खुणांवरून, गाईच्या खुरांवरून माग काढतो. मूल सापडतं. बापाच्याच घरातलं काळंबेरं उघडकीला येतं. होम्स त्या सरदाराला चार शब्द सुनावतो, मग इनामाचा चेक घडी करून खिशात घालतो आणि स्वारी लंडनला रवाना. त्या मुलाचे आईबाप वेगळे झालेले आहेत, आई फ्रान्सला आहे, पोरगं आईसाठी झुरतंय. आईला परत बोलवा, असा सल्ला होम्स जाता जाता देतो. ती आली का? पोराची रात्रीची झोप परत आली का? होम्सचं वाचक मंडळ जगभर पसरलं आहे, सव्वाशे वर्षं होत आली, पण त्या मुलाची चौकशी करायला त्या घरी पुन्हा कोणी गेलं नाही. लेखकानंही नाही. चेक वटला, विषय संपला.

लेहेननं पॅट्रिकला बारा वर्षांनी त्या दारात पुन्हा उभं केलं. माझ्या मते ही दुसरी कादंबरी पहिलीइतकी बांधेसूद नाही. तिच्यात पूर्व युरोपातल्या गुंडांची एक टोळी येते, ती जरा सिनेमातून पळून आल्यासारखी वाटते. समीक्षक म्हणून गुण द्यायचे तर मी पहिलीलाच जास्त देईन. पण मोठेपण कशात आहे, असं विचाराल तर दुसरीत. कारण ती आपल्या नायकाला जाब विचारते. आणि नायकाबरोबर आपल्यालाही, कारण पॅट्रिक फोन उचलून पोलिसांना कळवत होता तेव्हा आपण वाचकांनीही 'बरोबर केलंस' म्हटलेलं असतं. निदान आपल्यातल्या अर्ध्यांनी.

दुसरा मुद्दा. मूल कुणाचं?

हा प्रश्न बॉस्टनचा आहे असं समजू नका. आपल्याकडे तो फार जुना आहे. टोपलीत घालून नदीत सोडलेलं एक लेकरू अधिरथ आणि राधा या सूत जोडप्याला सापडलं. त्यांनी ते वाढवलं. आणि युद्धाच्या तोंडावर कुंती त्याच्याकडे गेली : बाबा रे, तू माझा. महाभारतातला हा प्रसंग म्हणजे हरवलेल्या मुलाच्या गोष्टीचा उत्तरार्धच आहे. तिथं कर्ण काय म्हणतो? तो म्हणतो, मी राधेचा. अर्जुन सोडून बाकीच्यांना मारणार नाही, तुझे पाच पाचच राहतील, एवढं देतो. पण घर बदलणार नाही. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये, रणजित देसाईंनी 'राधेय'मध्ये, इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये या माणसाला आपापल्या परीनं समजून घ्यायचा प्रयत्न केला. आमच्या नांदेडच्या कुरुंदकर गुरुजींचं महाभारतावरचं लेखन 'व्यासांचे शिल्प' या नावानं पुस्तकरूपानं आलं. ते तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. नसेल तर या कादंबऱ्यांच्या आधी ते वाचा. गुरुजींनी 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा जो धांडोळा घेतला, तो वाचताना मला कायम वाटतं की नायकाला त्याच्या निवडीचे परिणाम भोगायला लावणारी कादंबरी आणि परिणामांतून सोडवून नेणारी कादंबरी, अशी एक वेगळी वर्गवारीही कोणीतरी करायला हवी. तिथं 'रहस्य' आणि 'साहित्य' ही भिंत फारशी टिकणार नाही.

मराठी रंगभूमीवरही हा खटला चालला आहे. ब्रेख्तच्या नाटकाचं चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं आणि विजयाबाई मेहतांनी ते उभं केलं. धामधुमीत जन्मदात्री आई कपडेलत्ते गोळा करत बसते आणि मूल मागं राहतं. एक मोलकरीण ते उचलते, जिवावर उदार होऊन वाढवते. वर्षांनी खरी आई हक्क सांगायला येते. न्यायाधीश खडूनं वर्तुळ आखतो, मूल मधे उभं करतो आणि दोघींना म्हणतो, ओढा. जी ओढत नाही, तिला मूल मिळतं. आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत.

पण टाळ्या थांबल्यावर एक शंका येते. ब्रेख्तनं निवाडा सोपा केला आहे, आणि लेहेननंही पारडं आधीच झुकवून ठेवलं आहे. पळवणारा माणूस प्रेमळ. त्याच्या घरी सुख. आई बेफिकीर. अशा मांडणीत पॅट्रिक चुकलाच असं वाटतं. खऱ्या आयुष्यात मूल पळवणारा इतका देवमाणूस असतो का?

इथं मी तुम्हाला मुंबईची एक घटना सांगतो. वर्तमानपत्रांतून गाजलेली आहे, त्यामुळे अनेकांना आठवेल. मुलीचं नाव मी घेणार नाही. 22 जानेवारी 2013 रोजी अंधेरीतली सात वर्षांची मुलगी शाळेत जाताना नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले होते. 2008 ते 2015 या काळात त्यांच्याकडे बेपत्ता मुलींची 166 प्रकरणं आली. 165 मुली सापडल्या. राहिली ती ही एक. भोसले 2015 साली निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ बाळगून शोधत राहिले. 4 ऑगस्ट 2022 रोजी ती सापडली. कुठं? स्वतःच्या घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. सोळा वर्षांची झालेली होती. अमांडाच्याच वयाची.

आणि तिला नेलं होतं कुणी? मूलबाळ नसलेल्या एका जोडप्यानं. पोलिसांच्या तपासातून आलेली हकिगत अशी, की शोधाचा गवगवा झाला तसं त्यांनी तिला कर्नाटकातल्या एका वसतिगृहात ठेवलं. पुढं 2016 साली त्यांना स्वतःचं मूल झालं, तशी ही परत आणली गेली आणि घरकामाला, पोर सांभाळायला जुंपली गेली. मारहाणही झाली. म्हणजे 'आम्हाला मूल हवं होतं' या प्रेमाची मुदत स्वतःचं मूल होईपर्यंतच होती! शेवटी घरकाम करणाऱ्या दुसऱ्या एका बाईच्या मदतीनं तिनं इंटरनेटवर स्वतःच्याच बेपत्ता असल्याची पत्रकं शोधून काढली. ही खरी रहस्यकथा. यात गुप्तहेर कोण? ती स्वतः. हरवलेली तीच, शोधणारीही तीच.

ती घरी आली तेव्हा वडील राहिले नव्हते. सात वर्षांची असताना जी नाहीशी झाली, ती सोळाव्या वर्षी आईच्या खोलीत परत आली. बातम्यांचे मथळे काय होते? पुनर्भेट, आनंदाश्रू, भोसल्यांचा सत्कार. आणि सत्कार व्हायलाच हवा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण दुसऱ्या आठवड्यात कॅमेरे गेले. आईला आणि मुलीला एकमेकींशी काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, नऊ वर्षांची शाळा कशी भरून काढायची, हा उत्तरार्ध छापायला कुणाकडे जागा नव्हती.

आता कायद्याचं थोडं. कंटाळू नका, थोडंच आहे आणि ते रहस्यकथेइतकंच रंजक आहे. 2013 सालच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर आदेश दिला, की मूल हरवल्याची तक्रार आली तर ती नुसती नोंदवहीत लिहून ठेवायची नाही. अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून गुन्हा दाखल करायचा. त्याआधी काय होत होतं? "गेलं असेल मामाच्या गावाला, दोन दिवस वाट बघा." चार महिन्यांत तपास लागला नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातं. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक 1996 साली मुंबईत सुरू झाला, तो आज शाळेच्या भिंतींवर असतो. सचखंड एक्स्प्रेस पकडायला नांदेड स्टेशनावर उभे राहाल तेव्हा तिथंही मुलांसाठीच्या या क्रमांकाचा फलक बघा. हा सगळा शोधाचा भाग झाला, म्हणजे पूर्वार्ध. आणि सापडल्यावर?

सापडल्यावर बाल न्याय कायदा, 2015. मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यायचं. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री. प्रत्येक जिल्ह्यात ही समिती असते, तुमच्याकडे लातूरलाही आहे, आमच्याकडे नांदेडलाही आहे. मूल कुणाकडे द्यायचं हे पोलीस ठरवत नाहीत, समिती ठरवते. घरची चौकशी होते, अहवाल येतो, मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. पॅट्रिकनं एकट्यानं जो निर्णय घेतला, तो आपल्या कायद्यानं पाच माणसांच्या टेबलावर ठेवला आहे. कागदावर ही व्यवस्था मला लेहेनच्या दोन्ही कादंबऱ्यांपेक्षा शहाणी वाटते. प्रत्यक्षात? प्रत्यक्षात बाहेर बाकावर आई पदर डोळ्याला लावून बसलेली असते, मूल भेदरलेलं असतं, गावाकडं जाणारी शेवटची बस सुटायची असते, आणि सगळ्यांनाच प्रकरण लवकर 'निकाली' निघावं असं वाटत असतं. अशा घाईत चार वर्षांच्या लेकराला कोण विचारणार, तुला कुठं जायचंय?

आता आपल्या घरात येतो. लातूरमध्ये उभं राहून हरवलेल्या मुलांबद्दल बोलायचं आणि 30 सप्टेंबर 1993 चं नाव घ्यायचं नाही, हे होणं नाही. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेला भूकंप. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. 52 गावं पार नव्या जागी वसवावी लागली. त्या ढिगाऱ्यांवर फिरणाऱ्या माणसांच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "लेकरू सापडलं का?" अठरा महिन्यांची एक मुलगी पाच दिवसांनी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. लष्कराच्या ज्या अधिकाऱ्यानं तिला बाहेर काढलं, तो वीस-बावीस वर्षांनी तिला भेटायला आला. तोवर ती शिकून कामाला लागली होती. मला त्या अधिकाऱ्याबद्दल विशेष आदर वाटतो तो तिला काढल्याबद्दल आहेच, पण त्याहून जास्त, नंतर बघायला आल्याबद्दल. होम्स गेला नाही. हा आला.

त्याच भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आज ती पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली माणसं आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या आवारात लहानाची मोठी झालेली ही मुलं सुट्टीत कुणाच्या दारात जात होती? पत्र्याच्या शेडमधल्या चुलत्याकडे? नव्या गावातल्या, सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या घरांपैकी नेमक्या कुठल्या घरात? त्यांच्यापैकी काहींची लेकरं आज याच शहरात क्लासला असतील. त्यांची कादंबरी कुणी लिहिली? पहिल्या पंधरवड्यावर अहवाल आहेत, लेख आहेत, कविता आहेत, भाषणं तर किती आहेत. पुढच्या तीस वर्षांवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. इथं लिहिणारी तरुण मंडळी बसली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. हा विषय तुमच्या उंबऱ्यात पडला आहे, त्यासाठी बॉस्टनला जायला नको.

आणखी दोन प्रकारची हरवलेली मुलं आपल्याकडे आहेत, ज्यांची तक्रारच होत नाही. मुखेड, कंधारच्या वाड्या-तांड्यांवर दिवाळीच्या आसपास जाऊन बघा. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे 'कोयते', ट्रॅक्टरमध्ये बसून साखर कारखान्याकडे निघतात. बरोबर लेकरं. हंगामी वसतिगृहं आहेत, काही आजीजवळ राहतात, बाकीची जातात. हजेरीपटावर ती असतात, वर्गात नसतात. चार-पाच महिन्यांनी परततात तेव्हा मास्तर पुस्तकाच्या शेवटच्या धड्यावर आलेला असतो. ही मुलं 'सापडतात' दरवर्षी. आणि दरवर्षी हरवतात.

दुसरा प्रकार तुमच्या लातूरचा, आणि आता आमच्या नांदेडचाही. परीक्षांच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'चा अभिमान मलाही आहे, त्यात शिकवणाऱ्यांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. पण चाचणीचे गुण घसरले म्हणून सोळा-सतरा वर्षांचं पोरगं खोलीला कुलूप लावून निघून जातं, मोबाइल बंद, आणि बाप शेतातली कामं टाकून बसस्टँड, रेल्वे स्टेशन, नातेवाईक पालथे घालतो. बहुतेकदा पोरगं सापडतं, कुठं पुण्यात, कुठं हैदराबादेत. घरचे पेढे वाटतात. आणि आठवड्याभरात त्याला त्याच खोलीत, त्याच क्लासला, त्याच बाकावर आणून बसवतात. सगळे म्हणतात, सुटलो. पॅट्रिकही असंच म्हणाला होता.

इथं मला 'मूनलाइट माइल'मधली अमांडा आठवते. शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ती पॅट्रिकला भेटते तेव्हा ती हरवलेली नसते. ती हुशार आहे, शाळेत पहिली, बोलण्यात थंड, कुणाकडून काही अपेक्षा न ठेवणारी. ती स्वतःहून लपली आहे. आणि तिच्याजवळ एक तान्हं बाळ आहे, जिवावर उठलेल्या लोकांपासून ती त्याला राखते आहे. चार वर्षांची असताना तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मामानं नाही, पोलिसानं नाही, गुप्तहेरानं नाही, आईनं तर नाहीच. सोळाव्या वर्षी ती कुणाला विचारत नाही. लेहेननं इथं तिला बळी केलेलं नाही, देवीही केलेलं नाही. तिच्या शहाणपणाची भीती वाटावी, असं ते लिहिलं आहे. जिनं वाढवायचं तिनं वाढवलं नाही म्हणून जे स्वतःच स्वतःची आई झालं, असं मूल. पॅट्रिक तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ बोलायला फारसं काही उरत नाही. त्याच्या घरी त्याच वयाची, चार वर्षांची, स्वतःची मुलगी आहे, आणि आता त्याला कळतं की तेव्हा आपण नक्की काय उचलून कुठं ठेवलं होतं.

मग पॅट्रिक चुकला का? तुम्ही मला बाहेर चहाच्या वेळी हे विचारणार, म्हणून इथंच सांगतो. मला वाटतं त्याला मुलगी त्या अधिकाऱ्याकडे ठेवता आली नसती. उद्या प्रत्येक पोलिसानं आपल्या अकलेनं गरिबांची लेकरं उचलून बऱ्या घरांत नेऊन ठेवायची ठरवली, तर सगळ्यात आधी पालं, झोपड्या आणि तांडे रिकामे होतील. ज्या आयांकडे वकील नाही, त्यांची मांडी रिकामी होईल. अंधेरीच्या त्या जोडप्यालाही आपण बऱ्या घरातलेच वाटत होतो. पण परत देऊन पॅट्रिक पाठ फिरवून निघाला. बारा वर्षांत त्यानं त्या घराचं दार किती वेळा वाजवलं? मामीच्या रागाचं मूळ मला तिथं दिसतं. परत देण्यात नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, 'दहा मिनिटे'. म्हणजे पाचच समजायची, मी जुना मास्तर आहे. तेव्हा वाचनाबद्दलची एकच व्यवहाराची गोष्ट सांगून बसतो. ही दोन पुस्तकं इंग्रजीत आहेत, भाषा रस्त्यावरची आहे, शिव्या भरपूर आहेत, पहिली तीस पानं जड जातील. गावातल्या ग्रंथालयात मागणी नोंदवा. मराठवाड्यातल्या कितीतरी ग्रंथालयांत मागणीचं रजिस्टर असतं आणि त्यात वर्षानुवर्षं कुणी काही लिहीत नाही. दोन्ही भाग मागवा. ग्रंथपाल म्हणतील, रहस्यकथेला अनुदान खर्च करायचं का? त्यांना माझं नाव सांगा, आणि कर्णाचंही सांगा. क्रम विचाराल तर दुसरा आधी वाचा, मग पहिला. आणि मग ज्यांनी पहिला आधी वाचला आहे त्यांच्याशी भांडा.